अर्धी भाकरी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साताऱ्याजवळच्या एका कोविड सेंटरच्या फाटकावर मी दीड महिना डबे घेतले. माझी शिरवळची कंपनी बंद होती, आष्ट्याला घरी जायची सोय नव्हती आणि खोलीत बसून डोकं फिरायला लागलं होतं. समाजसेवा वगैरे नंतर सांगायच्या गोष्टी. दुसऱ्या दिवसापासून मी तिथं टेबलाशी बसणाऱ्या एका मुलीसाठी जात होतो, हे सरळ सांगून टाकतो.

तिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान बंद होतं. ते घरी मास्क शिवायचे आणि ती फाटकावर टेबल मांडून बसायची. नातेवाइकांनी आणलेल्या डब्यावर ती पट्टी चिकटवून खाटेचा नंबर लिहायची आणि मी ते डबे ढकलगाडीवरून वॉर्डच्या दारापर्यंत न्यायचो. दार अर्धवट उघडायचं, हातमोजा घातलेला हात डबे आत ओढून घ्यायचा आणि दार लागायचं. मी एकदाही आत गेलो नाही.

तोंड झाकलेल्या मुलीशी बोलणं काढणं सोपं नसतं. मी फडक्याच्या गाठीवरून डबा कुठल्या गावचा ते ओळखायचो, म्हणजे ठोकून द्यायचो. ही गाठ कोरेगावची, ही माणची, ही नव्या सुनेनं मारलीय. ती हसली की मास्कच्या वर डोळ्यांच्या कडा बारीक व्हायच्या. त्यासाठी मी दिवसभर जीभ चालवायचो. आत रोज माणसं मरत होती आणि मी बाहेर गमती करत होतो. आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

डबे पोचवून परत आलो की लिंबाखाली थांबलेले नातेवाईक उठायचे. सगळ्यांचा प्रश्न एकच. पहिल्यांदा एका बाईनं विचारलं, "आमचं मालक जेवलं का वं?" मला काय ठाऊक? पण तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "व्हय, अर्धी भाकरी खाल्ली." आख्खी कुणाला पटली नसती आणि चतकोर ऐकून ती बाई घाबरली असती. पुढं सगळ्यांनाच मी अर्धी भाकरी वाटू लागलो. खरं तर जरा मोठ्यानेच सांगायचो, टेबलापर्यंत ऐकू जावं म्हणून. किती मायाळू पोरगा आहे, असं तिला वाटावं.

तिला तसं काही वाटलं नाही. "तू आत गेलावतास?" तिनं विचारलं.

"न्हाई. पण त्या बाईला आज झोप तरी लागंल."

"आन् उद्या खरं कळल्यावर?"

तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मला ठाऊक न्हाई, इचारून सांगते," आणि खरोखर आतल्या सिस्टरला फोन लावायची. अर्धा-अर्धा तास लागायचा. मला ते खुळेपणाचं वाटायचं, आणि तेच आवडायचंही.

अकरा नंबरच्या आजींचा नवरा फौजेतून निवृत्त झालेला. ताठ उभा राहायचा, इस्त्री केलेल्या पांढऱ्या रुमालात डबा. भाकरी स्वतः थापायचा. "करपतीय वं," म्हणायचा, "पर तिला चालंल." तो टेबलावरच्या मुलीला कधीच विचारत नसे. मला विचारायचा, कारण माझं उत्तर गोड असायचं.

रोज सकाळी अकरा वाजता आतून एक चिठ्ठी यायची. त्यातल्या नंबरांचे डबे घ्यायचे नाहीत आणि त्यांच्या माणसांना डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या दिवशी चिठ्ठी माझ्या हातात आली. मी तेव्हा तिला आष्ट्याच्या एका लग्नातली गंमत सांगत होतो, ती हसायच्या बेतात होती, आणि मी चिठ्ठी न वाचताच खिशात घातली. बाराला ते फौजी आजोबा आले. डबा घेतला, गाडी नेली, परत आलो.

"जेवली का?"

"व्हय आजोबा. आज बसून जेवल्या. अर्धी भाकरी खाल्ली."

त्यांनी तिथंच लेकीला फोन लावला. "अगं, बसून जेवली म्हनं आज!" मोठ्यानं, दोनदा सांगितलं. मग चालत घरी गेले.

चारला डबे परत आले. आजोबांच्या रुमालाची गाठ जशीच्या तशी. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिशात हात घातला. चिठ्ठीत एकच नंबर होता, अकरा.

आजोबा पाचला आले. आतून फोन गेल्यावर डॉक्टरांना भेटून आले होते, हातात कागद होता. तिनं टेबलाखालचा डबा पायानं मागं सारला. मी गाडीपाशी उभा होतो. ते माझ्याकडे आले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "तू खरं सांगतीस, म्हनून इतकं दिस तुला इचारलं न्हाई. आज इचारतो. ह्यात सकाळी सव्वानऊ लिवलंय. ह्या पोरानं मला दुपारी सांगितलं, भाकरी खाल्ली. कुनाचं खरं?"

"कागदावरचं खरं हाय आजोबा."

"मग भाकरी?"

आजी तीन दिवस श्वासाच्या मशीनवर होत्या, डबा आत दुसऱ्याच कुणाला तरी जायचा, त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सिस्टरला विचारून आदल्या दिवशी तिनंच मला सांगितलं होतं.

"ती काल रातीची," ती म्हणाली. "सिस्टरनं चारली. अर्धी. ह्याचा सांगताना घोळ झाला."

"रातीची?"

"व्हय. पानीपन मागून घेतलं."

"म्हंजे उपाशी न्हाई गेली."

"न्हाई आजोबा."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, दोनदा मान हलवली आणि गेले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. "चुकलं माझं," मी तिला म्हणालो. ती पट्ट्या कापत होती.

दुसऱ्या दिवशीही ती आली. मी गाठींबद्दल काही बोललो नाही. बाराच्या सुमाराला एक म्हातारी टेबलापाशी आली. पोरगा सात नंबरला होता.

"जेवला का गं त्यो?"

मी टेबलावरच्या फोनकडे बघत होतो. तिनं तो उचलला नाही. मानही वर केली नाही.

"व्हय आजी," ती म्हणाली. "अर्धी भाकरी खाल्ली."