करंट उतरवायची माती

माझी शाळा चौथीतच सुटली. लग्न मुंबईत झालं आणि नवऱ्याचं गिरणीतलं काम गेल्यावर आम्ही त्याच्या घरी, हिंगणघाटकडे आलो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात सगळं घर कामाला. मी कोकणातली, म्हणून सासूबाईंच्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकलेली. मी केलेल्या भाजीचा पहिला घास मलाच खायला लावायच्या. "तिकडच्या बाया करनी करतेत मने," असं शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. धाकटा दीर तेवढा आल्या दिवसापासून "वयनी" म्हणून हाक मारायचा.

एका दुपारी जिनात तो तारेला चिकटला. मिस्त्रीनं वीज तोडली, तसा खाली कोसळला. डोळे उघडे, छाती हलेना. अंगातला करंट माती ओढून घेते, अशी तिथं सगळ्यांची खात्री. त्याला गळ्यापर्यंत पुरायला माणसं खड्डा खणू लागली.

माझ्या बापानं बंदरावर बुडालेल्याला उठवलेलं मी पाहिलं होतं. तसंच दिराला पालथं घातलं, तोंड एका बाजूला वळवलं आणि पाठ दाबायला, सोडायला लागले.

सासूबाईंनी माझा अंबाडा धरला. "काऊन वं, मारून टाकतं काय माया पोराले? अन् तोंडातल्या तोंडात काय म्हणून राह्यली?"

"आकडे मोजतेय, आत्याबाई. दाबायची लय चुकू नये म्हणून."

भीतीनं आकडे मागंपुढं होत होते. नवऱ्यानं त्यांचा हात सोडवला, ते उपकार मी विसरले नाही. त्याचाही माझ्यावर भरवसा होता असं नाही. खड्डा अजून व्हायचा होता, तोवर करू दे, एवढंच.

खड्डा पुरा व्हायच्या आत दिराच्या घशात घरघरलं. मग खोकला. तरी त्याचे पाय संध्याकाळपर्यंत मातीत ठेवलेच, आणि गावभर मातीचंच नाव झालं. होऊ दे. "वयनी" ऐकू आलं, मला पुष्कळ होतं.

पुढं एकदा घरात कुणी नसताना सासूबाईंनी दाराला कडी घातली, वाकळ अंथरली आणि स्वतः पालथ्या झोपल्या.

"दाब. पन मंत्र जोरानं म्हन. मले पाठ कराचा हाय."

मी मोठ्यानं मोजलं. त्यांनी मान वळवून पाहिलं. "इतकाच? बाकीचा काऊन लपवतं?"

नंतर मोहल्ल्यातल्या बायांना त्यांनीच हे शिकवलं. आकडे मात्र पुटपुटायच्या, कुणाला ऐकू जाणार नाहीत असे.