चार बोटं तोकडं लुगडं

भोरच्या एका कापडदुकानदाराने मला फसवलं, आणि मी माझ्या धाकट्या बहिणीला. त्याने प्रेतावरून काढलेलं लुगडं मला कोरं म्हणून विकलं, आणि मी ते तिला तिच्या लग्नात नेसवलं. त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. पण माझ्या बहिणीचा संसार मोडला तो मोडलाच.

मी मूळची पासलीची. डोंगरातलं भाताचं गाव. वडील लवकर गेले. मला नवऱ्याने दोन वर्षांत टाकलं. का, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि मलाही कुणी सांगितलं नाही. मी भोरला आले, एका म्हाताऱ्या शिंपिणीकडे काजं करत बसले आणि सहा वर्षांनी स्वतःची मशीन घेतली. पेठेतल्या बोळात चोळ्या शिवायचे. कापड चिमटीत धरलं की सूत कसलं, खळ किती, धुतल्यावर किती आटेल, हे मला न बघता सांगता यायचं. एका खणासाठी मी दुकानात तासभर भांडलेली आहे. मला येताना पाहिलं की दुकानदार गुमास्त्याला म्हणत, ‘आली. आता जेवायला उशीर होणार.’ मला त्याचा अभिमान होता.

बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिचं माझ्यासारखं होऊ नये, एवढी एकच गोष्ट मी देवाकडे मागत होते. भोंगवलीचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बघून आले, घर बघून आले, गोठासुद्धा बघून आले. मुलाला वडील नव्हते. घरात त्याची आई, आणि शेजारच्याच दारात चुलता. चुलत्याची चूल वेगळी, पण शब्द त्याचाच चाले. त्याची बायको वारून वर्ष होऊन गेलं होतं. मूलबाळ नव्हतं. बैठकीत त्यानेच ठरवलं, की लग्न मुलाच्या दारात, जेवण त्यांचं आणि बस्ता सगळा आमच्याकडून. म्हणजे दोन्हीकडचे लग्नाचे कपडे आम्ही घ्यायचे. नवरीचं हिरवं लुगडं खरं तर मुलाकडचं, पण तेही आमच्यावर आलं. मी कबूल केलं. कापडाच्या बाबतीत मला कोण गंडवणार, असं मला वाटलं.

लढाईचे दिवस होते. कापडावर कंट्रोल होता आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. आमच्या पासलीत एका घरात सासूसुनेत मिळून एकच धड लुगडं होतं. एक पाण्याला गेली की दुसरी दार लावून आत बसायची. त्या वर्षी गावातून चालताना बंद दारं दिसली की मला कसंतरीच व्हायचं. आत कुणीतरी उघडं बसलेलं आहे, आपली पावलं ऐकतं आहे, असं वाटायचं.

बस्ता बांधायला आम्ही तिघं गेलो. मी, माझी आई आणि मुलाकडून तो चुलता. मुलाची आई म्हैस व्यायला झाली म्हणून आली नाही. ती आली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.

नवरदेवाचं धोतर झालं, पटका झाला, सासूचं लुगडं झालं. प्रत्येकाला मी दुकानदाराशी भांडले, तोही भांडला. मग मी हिरवं मागितलं.

“हिरवं नाही, बाई. संस्थानात कुठंच नाही.”

“मग नवरी काय पानं गुंडाळून उभी राहणार?”

त्याने एकदा चुलत्याकडे पाहिलं. मग उठून आतल्या लाकडी पेटीतून एक घडी आणली आणि आमच्या पुढ्यात ठेवली. हिरवंगार, लाल काठाचं. चुलता तेवढ्यात उठला. “तंबाखू बघून येतो,” म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी घडी उलगडली. कापराचा वास आला. कसर लागू नये म्हणून पेटीत ठेवत असतील, असं मी धरलं. गज मागून घेतला आणि लुगडं मापलं.

“शेट, नऊ वारात चार बोटं कमी भरतंय.”

“लढाईचा माल आहे. गिरणीच तोकडं काढते. मी काय ओढून लांब करू?”

“आणि हे टोक? गिरणीची कात्रीपण लढाईवर गेली काय?” एक टोक कापलेलं नव्हतं, हाताने फाडलेलं होतं.

“उंदरानं कुरतडलं असेल.”

“सरळ रेघेत? शिकलेला दिसतोय तुमच्याकडचा उंदीर.”

आई पदराआड हसली. एरवी तो दुकानदार मला उलटून बोलल्याशिवाय राहिला नसता. त्या दिवशी तो हसलाही नाही. “काय द्यायचं ते द्या आणि घेऊन जा,” एवढंच म्हणाला.

मी तोकडेपणाचे पैसे कापले, फाटक्या टोकाचे कापले, आणि वर आणखी कापून एक आकडा सांगितला. मला वाटलं, आता जुंपणार. त्याने मान हलवली. माझा पहिला शब्द कुठल्या दुकानदाराने घेतल्याचं मला त्याआधी आठवत नाही आणि त्यानंतरही नाही. तेव्हा मी उठून जायला हवं होतं. मी उठले नाही. आपण जिंकलो असं मला वाटलं.

बस्ता बांधताना दुकानदार प्रत्येक कापडाला हळदकुंकू लावतो. त्याने धोतराला लावलं, पटक्याला लावलं, खणांना लावलं. हिरव्या लुगड्याजवळ आल्यावर ताट बाजूला सारलं.

“शेट, ह्याला न्हाई लावलं?” आईने विचारलं.

“डाग पडेल, आजी. तुम्हीच घरी लावा.”

आईने तिथेच ताट ओढून घेतलं आणि अंगठ्याने कुंकू टेकवलं. तो दुसरीकडे बघत राहिला.

चुलता परत आला तेव्हा गाठोडं बांधून झालं होतं.

“झालं काय?”

“झालं, पाव्हणं. हिरवं तर निम्म्यात पडलं.”

“बरं झालं,” तो म्हणाला. गाठोड्याकडे पाहिलं नाही. ‘द्या, मी घेतो’ असंही म्हणाला नाही. पुढे पुढे चालत राहिला. नदीच्या पुलापर्यंत मी गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या पाठीकडे बघत चालले होते.

घरी येऊन मी ते फाटकं टोक दुमडलं आणि बारीक टीप मारली. एवढी सुबक, की कुणाला शोधूनही सापडू नये.

लग्नात बहिणीने ते नेसलं तेव्हा म्हणाली, “अक्का, किती गं मऊ हाय! कोऱ्याला खळ असती, ह्याला न्हाईच.”

खळ नाही हे मला दुकानातच चिमटीत कळलं होतं. “भारी सूत आहे,” मी म्हटलं. “निऱ्या नीट धर.”

आठव्या दिवशी भोंगवलीहून माणूस आला. ‘ताबडतोब या’ एवढाच निरोप. मी चालत निघाले. कामथडीच्या अलीकडे एक ओळखीची बाई भेटली, तिने माझ्याशी बोलायचं टाळलं. बातमी माझ्या पुढे गेली होती.

ओट्यावर मुलाची आई बसली होती. पुढ्यात ते हिरवं लुगडं. माझी टीप उसवलेली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला चुलता वाखाची दोरी वळत बसला होता. आतून कुणीतरी हुडहुडत होतं.

“हे कुठनं आणलंस?” तिने विचारलं.

“भोरहून. बस्त्यात. पाव्हणं होते बरोबर.”

“वाळत घातलं तवा काठ दिसला मला. दोन रेघांत एक सूत चुकलंय बघ, हितं. माझी जाऊ मेली तवा तिच्या माहेरच्यांनी हे लुगडं आणलं. म्या माझ्या हातानं तिच्या अंगावर घातलं. आणि हितनं चिंधी फाडली, तिच्या नवऱ्याच्या गळ्यात बांधाया. दहा दिस ती चिंधी त्यांच्या गळ्यात व्हती.”

अग्नी देणाऱ्याच्या गळ्यात प्रेतावरच्या कापडाची चिंधी बांधतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चार बोटांची चिंधी. मी तिचेच पैसे कापून घेतले होते.

“मग ते जळालं कसं नाही?” मी विचारलं.

“सरणावर ठिवताना काढलं. कुणी काढलं, कुठं गेलं, म्या इचारलं न्हाई. कापडाचे दिस हे असले.” ती थांबली. “माझं पोरगं परवाधरनं तापलंय. तुझ्या भणीनं मयताचं अंगावर घालून देवापुढं हात जोडलेत.”

तेव्हा चुलता वाखावरची नजर न काढता म्हणाला, “भोरच्या शहाण्या बायका. सस्तं मिळालं की कायबी उचलत्यात.”

मला त्या वाक्याने मान खाली घालावी लागली. ते खरं होतं, म्हणून. बहीण गोठ्यात बसली होती, तिला तिथेच भाकर देत होते. “ताप उतरंस्तवर न्या,” सासू म्हणाली. बहीण अंगावरच्या जुनेराने माझ्याबरोबर निघाली. वाटेत तिने एकदाच विचारलं, “अक्का, तुला खरंच म्हाईत नव्हतं?”

ताप पंधरा दिवसांत उतरला. बोलावणं आलं नाही. आम्ही दोनदा माणूस पाठवला. पुढच्या वर्षी मुलाचं दुसरं लग्न झालं.

तिला घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचा लोखंडी गज उचलून मी फळ्यांवर फेकला. गिऱ्हाइकं पांगली. तो गादीवर तसाच बसून होता.

“मयताचं विकलंस तू मला!”

“विकलं,” तो म्हणाला. “पोट सगळ्यांना आहे. पण बाई, माझ्याकडे ते आणून दिलं कुणी, हे विचारा ना.”

“कुणी?”

“तुमच्याबरोबर बसला होता तो. दिवाळीआधी धुऊन, घडी करून घेऊन आला. मी त्या दिवशी पेटी उघडायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी मी घडी बाहेर काढली नसती. तो उठून गेला. मला वाटलं, ज्याचं त्याला चालतंय, मी कोण?”

त्याला मी म्हटलं, चल भोंगवलीला, हे चारचौघांत सांग. तो नाही म्हणाला. त्या बाजूची सगळी गिऱ्हाइकं तुटतील, म्हणाला. मी पाय धरले. मी, जिने त्याच्या दुकानात कधी एक पैसा जास्त दिला नव्हता. तरी नाही म्हणाला.

मी एकटी गेले. चुलता तसाच ओट्यावर होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुलाची आई दारात येऊन ऐकत होती. तिने दिराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती विचारेल. ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

“दुकानदारानं लिवून दिलंय काय?” चुलता म्हणाला.

“नाही.”

“मग जावा.”

याला आता वर्षं झाली. लढाई संपली, कंट्रोल सुटला, संस्थानही गेलं. दुकानदार मेला. त्याच्या साक्षीची वाट बघून आता उपयोग नाही. माझ्या चुकीचं मी वर कबूल केलं आहे आणि बहिणीपुढेही केलं आहे. तिने मला माफ केलं की नाही, ते ती सांगत नाही. ती पासलीत भावकीच्या खाचरात मजुरीला जाते. लग्नाकार्याला तिला कुणी बोलवत नाही. ओटी भरायच्या बायकांत ती आली तर बाया सरकून बसतात. पोरीबाळी तिच्या हातचा गजरा घेत नाहीत. तिचा गुन्हा काय, तर मी आणलेलं लुगडं नेसली.

भोंगवलीचा तो माणूस मात्र धडधाकट आहे. गावच्या बैठकीत वर बसतो. लग्नं ठरवतो. मागच्या महिन्यात आणखी एका पोरीचा बस्ता बांधायला भोरला आला होता, मी माझ्या दारातून पाहिला.

म्हणून हे लिहिते आहे. पाव्हणं, तुम्ही बायकोच्या अंगावरचं कापड काढून विकलं, ते मी एक वेळ सोडून देईन. कापडाचे दिवसच तसे होते, आणि तुमच्याकडे तेव्हा काय होतं नव्हतं ते मला ठाऊक नाही. पण तीच घडी तुमच्या पुतण्याच्या नवरीसाठी उलगडली तेव्हा तुम्ही का उठून गेलात? एक शब्द बोलला असतात तर तुमची लाज गेली असती, दुसरं काही नाही. ती वाचवायला तुम्ही माझी बहीण घालवली, आणि वर तिच्याच दारात बसून मला शहाणी म्हणालात. मला उत्तर नको. माझ्या बहिणीला द्या. पासलीला या, गावाच्या देवळापुढे बसा, तिच्या तोंडाकडे बघा आणि चार माणसांत सांगा, की ते लुगडं मी विकलं होतं आणि मी गप्प राहिलो. तुम्ही येत नसाल तर तुमच्या घरातल्या कुणीतरी यावं. त्या दिवशी जिने दार ओढून घेतलं, तिने यावं.