घाबरट ब्रदर

सामन्याआधी ब्रदर पोरांना रांगेत उभं करायचे आणि एकेकाच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. नाडी जोरात चालत असेल तर म्हणायचे, "धडधडतंय ना? मग तू खेळ." एखाद्याची संथ लागली की त्याला बाहेर बसवायचे. "समोर कोण आहे ते याला अजून कळलेलं नाही," म्हणायचे.

भित्री माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण भीती झाकतात. ब्रदर ती सगळ्यांसमोर बोलून दाखवायचे. विजा कडाडल्या, वाटेत म्हैस आडवी आली, फादरांनी बोलावणं धाडलं, की माझ्याकडे वळून हळूच सांगायचे, "मास्तर, मी घाबरलोय हं." आणि मग म्हशीला वळसा घालून पुढे चालू लागायचे.

तलासरीजवळच्या मिशनच्या मुलांच्या हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो. ब्रदर मूळचे वसईचे. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत होते आणि मधली काही वर्षं त्यांना आमच्या शाळेत धाडलं होतं. वय माझ्याइतकंच, पंचविशीचं. पांढरा झगा कमरेला खोचून ते मुलांबरोबर फुटबॉल खेळायचे. गोल झाला की खोचलेला झगा सुटायचा, पायात यायचा आणि ते पडायचे. मुलांना गोलपेक्षा त्याचाच आनंद जास्त.

त्यांचा एकच नियम होता. जो संघात खेळेल त्याने शनिवारी त्यांच्याबरोबर पाड्यावर कामाला यायचं. कोणाची विहीर उपसायची, कोणा म्हातारीचं छप्पर शाकारायचं. एकदा एका मुलाने विचारलं, "ब्रदर, याने खेळ कसा सुधारणार?" ब्रदरांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "माहीत नाही रे. पण मला एकट्याला जायला भीती वाटते."

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात झरीकडच्या एका पाड्यावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. रस्ता वाहून गेला होता. आजाऱ्यांना खाटेवर घालून, ओढा ओलांडून मिशनच्या दवाखान्यात आणायचं, तर खाट उचलायला माणसं नव्हती. जी होती ती आजारी तरी होती, नाहीतर दारं लावून बसली होती. दवाखान्याच्या सिस्टर शाळेत आल्या. मुख्याध्यापक फादर म्हणाले, "मोठी मुलं जाऊ देत, पण सक्ती नको."

ब्रदरांनी संघाला व्हरांड्यात बोलावलं. पटकी म्हणजे काय, माणूस कसा जातो, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग नेहमीसारखे मनगटं धरत निघाले आणि गोलकीपरपाशी थांबले. तो वाढवणचा, दामू. बाप समुद्रात बुडून गेलेला, घरी आई एकटी, सुकी मासळी विकणारी.

"तू राहा," ब्रदर म्हणाले.

"का? मला काय नाय होत. मी भीत नाय."

"म्हणूनच."

दामूचे डोळे भरून आले. सगळे जाणार आणि तो एकटा मागे राहणार! ब्रदरांनी त्याचं मनगट सोडलं. "बरं, चल," म्हणाले. "पण उकळलेलंच पाणी प्यायचं. प्रत्येकाने आपली बाटली. ऐकलंस?"

मीही गेलो. पाड्यावर पोरांचा आवाज नव्हता, कोंबड्यांचा नव्हता, आणि एका झोपडीतून नुसतं कण्हणं येत होतं. आम्ही चौघेचौघे खाट खांद्यावर घेत होतो. ओढ्यात गुडघ्यावर पाणी, पायाखाली शेवाळ. परत आलो की सिस्टर बादलीत लाल औषध टाकून सगळ्यांचे हात बुडवून घ्यायच्या. हात गुलाबी व्हायचे. जेवताना ते गुलाबी हात तोंडाकडे नेण्याचीही भीती वाटायची.

दामूने मात्र आपली बाटली खाटेवरच्या एका बाईला पाजली आणि तहान लागल्यावर ओढ्याचं पाणी प्यायला. हे आम्हाला नंतर कळलं.

दोन दिवसांनी सकाळी बोर्डिंगमधली मुलं ओरडत आली. दामूचे डोळे खोल गेले होते, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, आवाज बसला होता. पिंढऱ्यांत गोळे येऊन तो विव्हळत होता. सिस्टरांनी सलाईन लावलं. ब्रदर त्याचं मनगट धरून बसले. बोटं जागा बदलत राहिली.

"मास्तर, लागत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

मी पाहिलं. मलाही लागली नाही. हात ओल्या फडक्यासारखा गार होता.

आईला आणायला हवं होतं. मी जातो म्हणालो. ब्रदर उठले. "नाही. मी नेलं त्याला, मीच सांगतो. तुम्ही फक्त सोबत चला. मला तिची फार भीती वाटते."

हायवेवर एका ट्रकवाल्याने घेतलं, डहाणूहून पुढे टांगा केला. वाढवणला ती पडवीत सुकट निवडत होती. पांढरा झगा दिसताच तिचे हात थांबले.

"माझा पोऱ्या जिता हाय ना?"

"निघालो तेव्हा होता," ब्रदर म्हणाले. "पटकी झालीय. मी नेला होता त्याला पाड्यावर. चूक माझी."

मला वाटलं, आता ही किंचाळेल, अंगावर धावून येईल. तिने नुसतं दार ओढून घेतलं, कडी घातली. "चल," म्हणाली.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली, मध्ये ब्रदर, कडेला मी. ब्रदरांचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. तिने बराच वेळ ते पाहिलं.

"तू कशाला थरथरतो? पोऱ्या तर माझा हाय," ती म्हणाली, आणि त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर दाबून धरला. तलासरी येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्याची पायरी आम्हा तिघांनाही चढवेना. आतून सिस्टरच बाहेर आल्या. "पाणी मागतोय," म्हणाल्या. "चिडचिड करतोय." ब्रदर तिथेच चिखलात खाली बसले. आई त्यांना ओलांडून आत धावली.

दामू वाचला. चौथ्या दिवशी पेज पिऊन उठून बसला आणि भात हवा म्हणून आईशी भांडू लागला. पण पाड्यावरची पटकी हटली नव्हती. फादरांनी आता मुलांना बंदी केली, आणि ते बरोबरच होतं. ब्रदर म्हणाले, मी एकटा जातो.

आई दवाखान्याच्या दारात उभी होती. "एकटा जाऊन खाट कशी उचलणार तू?"

"पाड्यावर मिळेल कोणी."

"आणि नाय मिळाला तर?" तिने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, पोऱ्याजवळ बसा. त्याला भात देऊ नका."

"मावशी, तुम्ही नका येऊ. मला भीती वाटते."

"मला पण वाटते. तू पुढून धर."

पावसाळा सरल्यावर ब्रदरांना पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला बोलावलं, तिथून खूप लांब कुठेतरी धाडलं. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. मैदानावर झगा खोचून धावणारे ब्रदर मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती त्या दिवशीची दवाखान्याची खिडकी. पाऊस कोसळत होता. दोघांनी रिकामी खाट उलटी करून डोक्यावर धरली होती. पुढे पांढरा झगा, मागे कासोट्याचं लुगडं. खाटेचे चार पाय आभाळाकडे करून ती दोघं झरीच्या वाटेने लहान लहान होत गेली, आणि मागे दामू मला विचारत होता, "मास्तर, आय कुठं गेली?"