पंपाचा पट्टा आणि भोंग्याचा सूर

बँडवाल्यांकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. आमचं वाजवणं थोडं आणि नवरदेवाची दाढी होईपर्यंत मांडवाबाहेर बसणं जास्त. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. त्यातले बहुतेक माझ्याच वाद्याचे.

नववीत शाळा सोडून मी आर्णीच्या आमच्या बँडमध्ये आलो. टुबा वाजवतो. पोटाशी धरायचा, तोंड आभाळाकडे, आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा खोल. आम्ही त्याला भोंगाच म्हणतो. वजन असं, की वरात संपली की डावा खांदा आपला राहत नाही.

*

आमच्याकडे दसऱ्याला वाद्यांची पूजा असते. बँडचे मालक गुलाबराव मास्तर पाटावर तांदूळ पसरतात, त्यावर गणपती म्हणून हळदकुंकू लावलेली सुपारी ठेवतात. आरती झाली की पाटावरचे तांदूळ मुठीमुठीनं सगळ्या वाद्यांवर उधळायचे, ही त्यांची जुनी पद्धत.

मागच्या दसऱ्याला उधळून झालं, बघतो तर पाटावर गणपतीच नाही.

सगळ्यांच्या नजरा दिन्याकडे. दिन्या आमचा कॅसिओवाला. त्याच्या गालात चोवीस तास खर्रा, आणि खर्रा म्हणजे तंबाखू आणि सुपारी.

मास्तर म्हणाले, "दिन्या, तोंड उघड."

"मास्तर, आईची शपथ, हा पानठेल्यावरचा आहे."

"थुक. पाहू दे."

बिचाऱ्यानं थुंकून दाखवलं. पण त्या चुऱ्यात गणपती कुठला, हे कोण ओळखणार? तेव्हापासून दिन्याचं नाव पडलं 'बाप्पाखाऊ'.

*

दसऱ्यानंतरच्या लग्नाच्या हंगामात माझा खांदा फारच दुखायला लागला. भोंग्याचा चामडी पट्टा रुतायचा. घरी फवारणीचा जुना पंप पडला होता. त्याचे दोन्ही पट्टे काढले, आत जिनिंगमधून आणलेला कापूस भरला आणि भोंग्याला बसवले. इतकं हलकं वाटलं, की वरातीत मी पहिल्यांदाच हसलो असेन.

राजूरकडच्या एका लग्नात एक आजोबा बराच वेळ माझ्या मागे मागे चालत होते. शेवटी जवळ आले आणि हळूच विचारलं, "बोंडअळीवर चालते का रे हे?"

*

भोंग्याचं तोंड वर, त्यामुळे लग्नातल्या अर्ध्या अक्षता आत. पोरं तर नेम धरूनच मारतात. आत थुंकीची ओल असते, तांदूळ फुगतो. म्हणून मी तोंडावर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली. एकही दाणा आत जाईना. सगळे वर साठले.

मंगलाष्टकं संपली, वाजवून झालं, नवरीचे वडील समोर आले. मी नमस्काराला वाकलो, आणि जाळीवरचा सगळा ढीग त्यांच्या डोक्यावर.

मागून नवरदेवाकडच्या एक मावशी म्हणाल्या, "पडू द्या व्याही, तुमचं लग्न पुन्हा लागलं. चार दाणे त्या भोंगेवाल्या पोराच्या डोक्यावरबी टाका. त्याचं कुठंच जमून नाही राह्यलं म्हणते."

*

खांदा सुधारला, पण सूर बिघडला होता. दसऱ्यानंतर भोंगा कॅसिओच्या खालीच बोलायला लागला. सूर लावायची नळी पूर्ण आत ढकलली तरी खालीच. बादलीभर पाणी ओतून धुतला, तांदूळ निघाले, सूर तसाच.

दिन्याला तेवढंच हवं होतं. 'बाप्पाखाऊ'चा राग तो माझ्यावर काढायचा. "मास्तर, माह्याजवळ बासचं बटन आहे. सूर वर पाहिजे तर वर, खाली पाहिजे तर खाली. याले पंप घेऊन कापसावर पाठवा."

मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, "सुन्या, ढाणकीच्या लग्नापर्यंत सुरात आण. नाहीतर भोंगा मोडीत, आन तू झांज घे."

त्या रात्री मी जेवलो नाही. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

*

नळी आखूड केली की सूर चढतो, एवढं माहीत होतं. मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या जावेदभाईंकडे गेलो. त्यांनी आरीनं बोटभर कापली. सूर जास्तच वर गेला, तोही काही सुरांचाच. मग ठिबकची नळी सायकलच्या ट्यूबनं जोडली. खाली. थोडी कापली. वर. असं करता करता संध्याकाळपर्यंत जेवढं कापलं होतं तेवढंच जोडून झालं, आणि भोंगा होता तिथंच आला.

जावेदभाई हात पुसत म्हणाले, "भाऊ, बोअर असती तर पाणी आणून देलं असतं. सूर कुठून आणू?"

*

ढाणकीला निघालो तेव्हा टेम्पोत माझ्या मांडीवर भोंगा होता. उमरखेडच्या पुढे ड्रायव्हरनं एक गतिरोधक पाहिलाच नाही. भोंगा उडाला आणि पत्र्यावर आपटला. उचलला तर आत काहीतरी खडखडत होतं.

मांडवाबाहेर कडुलिंबाखाली मी जाळी सोडली, भोंगा उलटा धरला आणि जोरात हलवला. आधी फुगलेले तांदूळ पडले. मग टपकन एक सुपारी पडली. तिच्या खाचेत अजून हळदकुंकवाचा डाग होता.

दिन्यानं गालातला खर्रा काढून बाजूला टाकला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "सांगा आता मास्तर. म्या खाल्ला बाप्पा?"

मास्तरांनी टोपी काढली, सुपारी कपाळाला लावली. मी घाईघाईनं भोंगा ओठाला लावला. दिन्यानं कॅसिओवर सा दिला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा दोन्ही सूर एकमेकांत विरघळले.

"मास्तर, आला सुरात."

मास्तर सुपारीकडेच बघत होते. "दसऱ्यापासून आत बसला होता हा?"

"हो."

"आन या हंगामात आपलं एकबी लग्न मोडलं नाही. एका वरातीत पाणी आलं नाही." त्यांनी सुपारी माझ्या हातात दिली. "ठेव जागेवर."

"मास्तर, मग सूर पुन्हा उतरंन ना."

मास्तरांनी टोपी घातली, क्लॅरिनेट उचललं आणि दिन्याकडे वळले.

"तुह्याजवळ बटन आहे ना बे? तू उतर खाली."