दुसऱ्या भागातली बाई

मी एका माणसाचं तोंड बंद केलं, आणि तेही खोटं बोलून. ही चूक माझी. तिला दुसरा कोणी वाटेकरी नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आमच्या सेक्टरमध्ये क्वार्टरं झाली होती, नाल्या व्हायच्या होत्या; सिमेंटचे मोठे पाइप मैदानात पडून होते. रविवारी संध्याकाळी भंडाऱ्याकडची माणसं त्या पाइपांवर बसत. पावर हाउस वस्तीतल्या टॉकीजमध्ये इंग्रजी भुताचा सिनेमा लागला की कारखान्यात माझ्याच शॉपमधला एक खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर, तो बघून येई आणि गावाकडच्या दंडारीच्या नाटकात उभं राहावं तसा उभा राहून, आवाज बदलत, सगळ्यांना सांगे.

दीपगृहाच्या रखवालदाराची बुडालेली बायको परत येते, असा एक सिनेमा आला. तो ज्या कादंबरीवरून काढला ती मी वाचली होती. इंग्रजी वाचणारा तिथे मी एकटाच, आणि मला त्याचा माज होता. कादंबरीत ती बाई कुठेच दिसत नाही. जिन्यावर ओली पावलं उमटतात, एवढंच. शेवटी कळतं की ती बुडाली त्या रात्री दिवा नवऱ्यानेच विझवला होता. गोष्ट संपते. पुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही.

तरी सिनेमावाल्यांनी दुसरा भाग काढला. त्यात बाई शहरात येते आणि दिसेल त्याचा गळा धरते. हात रबराचा, मनगटाशी शिवण दिसत होती. असला भिकार प्रकार मी आजवर पाहिला नाही.

पुढच्या रविवारी खलाशाने तोच भाग सांगितला. त्यात रबराचा हात नव्हता. त्याची बाई दारोदार फिरून एकच विचारत होती, दिवा कोणी विझवला? आणि कोणी दार उघडत नव्हतं. कादंबरीने एका नवऱ्यावर ठेवलेला गुन्हा त्याने सगळ्या शहराच्या दारात नेऊन ठेवला होता. ऐकणाऱ्यांच्या हातातल्या बिड्या विझून गेल्या. हे पुस्तकापेक्षा सरस आहे, हे मला तिथेच कळलं, आणि माझं डोकं फिरलं.

हे सिनेमात नाही, पुस्तकातही नाही, हा फेकतो आहे, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"पुस्तकातली बाई तुमची, दादा," तो म्हणाला. "हे माही हाय."

लोक हसले. मग मी नको तिथे हात घातला. त्याच्या घराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

"देव सोडले, अन् भूत धरून बसला का रे?"

त्याचा चेहरा उतरला, पण उत्तर त्याने शांतपणे दिलं. "भूत नाही म्हनून त सांगता येते. ज्याले भ्याव हाय, थो का सांगन?"

एवढं स्वच्छ ऐकूनही मी त्याच्या समाजातल्या बुजुर्गांकडे गेलो आणि हा भुतं खरी आहेत म्हणून सांगत फिरतो, असं सांगून आलो. त्यांनी त्याला बोलावून समज दिली. त्याने सांगणं बंद केलं. दिवसभर साहेबांच्या शिव्या खाणाऱ्या त्या माणसाला तेवढीच एक जागा होती, जिथे लोक त्याची वाट बघत.

पाइप माझ्या ताब्यात आले. मी कादंबरी सांगायला बसलो. दिवा विझायच्या आधीच लोक उठून गेले.

त्यानंतर शॉपमध्ये मी दिसलो की तो पाठ फिरवी. पाइप जमिनीत जायला लागले तेव्हा कुठे मी माफी मागायला त्याच्या दारात गेलो. त्याने मला आत बोलावलं नाही.

"मले कावून सांगून राहिले? जिथं बोलले तिथं बोला."

आधी बुजुर्गांकडे जाऊन खरं सांगितलं. मग रविवारी उरलेल्या पाइपांपाशी उभा राहिलो. तो लांब, सायकल धरून उभा होता.

"यानं मले तोंडावर सांगतलं होतं का भूत नसते," मी म्हणालो. "मी उलटं सांगून आलो. दुसरा भाग सिनेमावाल्याइचा भिकार होता, याचा नाही. याचा पुस्तकाहून चांगला होता, म्हनून मले पाहवलं नाही. माफ कर, भाऊ."