चुरी कोणाची?

भागाबाई मडावी लग्न होऊन टोल्यावर आली, त्याच वर्षी मागच्या टेकडीला पहिला सुरुंग लागला. देवळीच्या बसमधून उतरून तासभर पायी चालावं, अशी ती गोंडांची तीस घरं. खदान आली म्हणजे हाताला काम आलं, असं साऱ्यांना वाटलं. भागाबाई आणि तिचा नवरा पुनाजी, दोघंही तिथेच लागले. तो क्रशरच्या तोंडाशी, ती टोपल्यानं ट्रक भरायला. गिट्टी रस्त्यांच्या कामाला जायची आणि खाली उरायची ती चुरी, म्हणजे दगडाची काळसर भुकटी. तिला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून ती रोज हद्दीबाहेर, गावच्या गायरानावर ओतली जाई.

वीस वर्षांत गायरान चुरीखाली गेलं. पावसाळ्यात ढीग नाल्यात उतरे आणि हापशीला गढूळ पाणी येई. पुनाजीच्या छातीतही तीच भुकटी बसली. पन्नाशीच्या आतच तो बाजेला खिळला. दोन वाक्यं बोलला की तिसऱ्याला दम पुरत नसे.

भागाबाईनं टोल्यातल्या बायका गोळा करून देवळीच्या तहसील कचेरीत अर्ज दिला. खदानीचे मालक बाबाराव शेठ यांनी त्यावर काहीतरी लिहून दिलं आणि अर्ज निकालात निघाला. काय लिहून दिलं, ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही. झालं ना आता, घरी जा, असं कारकून म्हणाला. गरिबाला घरी पाठवायची या लोकांना भारी हौस.

पुढे काही वर्षांनी पिपरी मेघेची रुचिका टोल्यावर आली. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती शिकवायची. तिनं ढिगातली चुरी पिशव्यांत भरली तेव्हा भागाबाईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण रुचिकानं ओट्यावर बसून सगळं समजावलं. बारीक चुरीत वीजघराची राख घालायची, त्यात क्षाराचं पाणी कालवायचं आणि दिवसभर चांगली ऊब द्यायची. मग सिमेंटचा एक कण नसतानाही ते दगडासारखं घट्ट होतं. कॉलेजात छोटे ठोकळे झाले होते. मोठ्या विटांसाठी भट्टी लागणार होती आणि तिथेच तिचं काम अडलं होतं.

"भट्टी कायले पायजे, पोरी?" भागाबाई म्हणाली. "वैशाखात आमच्या टिनावर हात ठेवून पाय."

रुचिका हसली नाही. तिनं वैशाखात येऊन थर्मामीटर लावून पाहिलं आणि कामाला लागली. भागाबाईनं छपराचे जुने टिन अंगणात आडवे टाकले, त्यांवर साचे मांडले आणि वरून काळी ताडपत्री ओढली. पहिल्या खेपेच्या निम्म्या विटा हातातच फुटल्या. चुरी जाड पडली, हे भागाबाईनं चिमटीत चोळून ओळखलं. वारा बारीक भुकटी कुठे नेऊन टाकतो, हे तिला ठाऊक होतं. ढिगाच्या उगवतीकडची चुरी तिनं लुगड्याच्या कापडातून चाळून घेतली. पुढच्या विटा कॉलेजच्या यंत्राखाली दाबल्या तर भट्टीच्या विटांपेक्षा जास्त भार त्यांनी पेलला. त्याच विटांनी टोल्यातल्या बायकांनी अंगणवाडीची भिंत उभी केली.

मग विटा पाहायला मोटारी येऊ लागल्या. वर्ध्यात समारंभ झाला आणि शाल-नारळ मिळाला बाबाराव शेठला. कचऱ्यातून उद्योग उभा केला म्हणे त्यांनी. भागाबाईला मागच्या रांगेत वीट हातात धरून उभं केलं होतं. रुचिका बोलायला उठली, तोवर जेवणाची घाई झाली. आठ दिवसांत ढिगाभोवती तारेचं कुंपण आलं, त्यावर खदानीच्या नावाची पाटी लागली आणि शेठ स्वतः पाहायला आले.

भागाबाई भाकर तव्यावर टाकून गेली. मागून साऱ्या बायका गेल्या. शेठनं समजुतीच्या सुरात सांगितलं, की दगड माझा, तर चुरीही माझीच. विटा करायच्या तर माझ्याकडे मजुरीनं या, माझी ना नाही.

"ढीग तुमचाच हाय, शेठ?"

"माझाच."

"मंग नाल्यातला बी तुमचाच. हापशीतला बी तुमचाच. आन् माह्या मालकाच्या छातीत जो बसला हाय, तो काऊन सोडता? तोबी उचलून न्या."

शेठ गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी भागाबाई रुचिकाला घेऊन कचेरीत गेली. जुन्या अर्जावर शेठनं काय लिहून दिलं होतं त्याची नक्कल तिनं माहितीच्या अधिकारात मागितली. महिन्याभरानं कागद आला. सदर ढीग आमच्या खदानीचा नाही, त्याच्याशी आमचा काहीही संबंध नाही, असं त्यात शेठच्या सहीनिशी लिहिलं होतं. भागाबाईनं ते रुचिकाकडून तीनदा वाचून घेतलं. खोटं लिहायला यांना अर्धं पान पुरलं होतं आणि त्या अर्ध्या पानापायी गावानं अकरा वर्षं गढूळ पाणी प्यायलं होतं.

तो कागद तिनं ग्रामसभेत ठेवला. जागा गायरानाची, ढीग खदानीचा नाही असं शेठचंच म्हणणं, म्हणजे ढीग गावाचा. ठराव झाला आणि कचेरीत आलेल्या नव्या साहेबांनी कुंपण काढायला लावलं. चुरी बायकांच्या गटाला मिळाली. रुचिका पेढे घेऊन आली.

भागाबाईनं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला. पुनाजीच्या उपचाराचा भार खदानीनं उचलावा म्हणून तिनं वेगळा अर्ज केला होता. त्यावर शेठच्या वकिलानं नेमका तोच कागद जोडला होता. ढीगच आमचा नव्हता, तर धूळ आमची कशी?

"म्हणजे इटा करायले चुरी गावाची," ती रुचिकाला म्हणाली, "आन् मरायले कोणाचीच नाई."

रुचिकानं पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला. भागाबाईनं नवा अर्ज सांगितला, रुचिकानं लिहिला. खदानीवर पुनाजीनं किती वर्षं काम केलं, कोणत्या यंत्रापाशी, सोबतीला कोण होतं, सगळं नावानिशी. कुंपणापाशी शेठ सर्वांदेखत "माझाच" म्हणाले, तेही त्यात आलं आणि खाली नऊ बायकांचे अंगठे उमटले.

तो अर्ज अजून कचेरीत पडून आहे. भागाबाई दर सोमवारी देवळीची बस धरते, कारकुनासमोर जाऊन बसते आणि घरी जा म्हटलं तरी उठत नाही. बाकीचे दिवस ती विटांवर असते. तोंडाला ओलं फडकं दुहेरी बांधल्याशिवाय ती कोणालाही चाळणी धरू देत नाही. कोणी विसरलंच, तर गोंडीत असं झाडते की पुनाजीलाही ते आतल्या बाजेवरून ऐकू येतं.