गालावरचा डाग कुणाचा?

समोरच्या फ्लॅटमधले रंगवाले काका कार्टून कंपनीत चित्रांत रंग भरतात. स्वतःच्या शर्टाशी पँट आयुष्यात कधी जुळली नाही, पण भुताच्या जिभेला कुठला जांभळा शोभेल ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

सध्या त्यांच्याकडे लहान मुलांचा भुतांचा सिनेमा आहे. एका मुलीची सावली भुतं पळवतात आणि ती परत आणायला पोरगी एकटीच भुतांच्या गावात शिरते. या पोरीच्या डाव्या गालावर कोडाचा पांढरा डाग आहे. तो सुचवला काकांनीच. स्वतःच्या लेकीच्या गालावरून उचलला. कंपनीतले साहेब खूश झाले, आणि लेकीने वर्गभर सांगून टाकलं की सिनेमातली ती मीच. फोटो म्हटला की मान फिरवणारी ती, पण तेव्हापासून केस मागे बांधू लागली.

काकांनी घरी नमुना दाखवला तेव्हा चूकही तिनेच पकडली. मुलगी मागे वळली की डाग उजव्या गालावर! काम वाचवायला ही मंडळी तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून वापरतात, ते पोरीला काय ठाऊक? माझा काय इकडून तिकडे फिरायला जातो, असं तिने विचारलं. काकांनी निमूटपणे सगळे गाल पुन्हा रंगवले.

आणि परवा साहेबांचा निरोप आला. शेवटी भुतांची राणी प्रसन्न होते, सावली परत देते आणि जाता जाता डागही घालवते. तेव्हा गाल एकसारखा रंगवा.

काकांना प्रश्न पडला. डाग म्हणजे शाप होता की काय? मग आपण लेकीच्या गालावरून नेमकं उचललं तरी काय? साहेब म्हणाले, शेवट गोड नको का. तेही काही खोटं नव्हतं. बायकोने भाजी चिरता चिरता सुनावलं, की डाग दिलात तेव्हा मला विचारलं होतंत? निदान लेक तरी चिडेल, म्हणजे साहेबांशी भांडायला बळ येईल, अशी काकांना आशा होती. लेक चिडलीच नाही.

"राणीने तिला विचारलं का, घालवू का म्हणून?"

"नाही."

"मग विचारायला सांग ना, बाबा."

काकांनी सांगितलं. साहेबांना कल्पना भलतीच आवडली. राणी विचारणार हे ठरलं. पण पोरगी काय म्हणणार? अर्धी कचेरी हो म्हणे, अर्धी नाही. शेवटी सगळे काकांच्या तोंडाकडे बघू लागले, जसा काही डाग त्यांच्याच गालावर. काका पुन्हा लेकीकडे. तू काय म्हणाली असतीस?

ती आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. "रोज वेगळंच म्हणेन," ती म्हणाली. "आजचं अजून कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी काकांनी शेवटचं चित्र उघडलं. कपाळ रंगवलं, नाक रंगवलं, कान रंगवले. डावा गाल कोराच ठेवला. साहेब मागे येऊन उभे राहिले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "तिचं ठरायचंय अजून."